धुतल्याशिवाय कव्हर लावू नये

कॅराव्हॅनच्या पुढच्या भागावर दगड येतात कुठून, असा प्रश्न दुकानात येणारे प्रत्येक नवे गिऱ्हाईक विचारत असे. उत्तर ऐकून बहुतेकांचा चेहरा पडे. दगड समोरच्या लॉरीतून येत नाहीत. ते आपल्याच मोटारीच्या मागच्या चाकांखालून उडतात आणि मागे जोडलेल्या आपल्याच कॅराव्हॅनवर आपटतात.

ज्यांनी हे वाहन पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा. कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरची एक खोली. तिला स्वतःचे इंजिन नसते, मोटारीमागे जोडून ती ओढत न्यावी लागते. आत दोन बाक, गॅसची शेगडी, छोटे न्हाणीघर. पुढच्या बाजूला बाकांच्या वर खिडक्या असतात, आणि बाक एकमेकांना जोडले की त्याच खिडक्यांखाली पलंग तयार होतो. या खिडक्यांना सगळे काच म्हणतात, पण ती काच नसते. ते ॲक्रिलिक असते, वजनाला हलके आणि फार नाजूक. कोरड्या फडक्याने जोरात पुसले तरी त्यावर ओरखडे उठतात. मोटारवेवर दोनशे मैल ओढल्यावर तिथे खडी, चिखल आणि चिरडलेल्या माश्या यांचा थर बसतो. तो बसू नये म्हणून पुढच्या भागावर जाड कापडाचे आवरण चढवतात. ते टोइंग कव्हर.

ती कव्हरे मापाने शिवणे, विकणे आणि बसवून देणे हे काम मी या शतकाची पहिली नऊ वर्षे केले. दुकान इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीच्या बाहेर एका इंडस्ट्रियल इस्टेटवर होते. त्याआधी अकरा वर्षे पुण्यात एका दैनिकाच्या टेबलावर इतरांच्या बातम्या छाटण्यात गेली होती. पत्नीला इथल्या रुग्णालयात नोकरी मिळाली. मराठी उपसंपादकाला कॉव्हेंट्रीत मागणी नव्हती. दुकानाचा मालक टेरी पूर्वी मोटारींच्या कारखान्यात सीट शिवत असे. त्याने मला जाड कापडाचे मशीन शिकवले आणि कर्णिक हे आडनाव त्याला दोन दिवसांत पेलवेना म्हणून त्याचे निक करून टाकले.

कव्हर निवडताना पहिला प्रश्न रंगाचा नसतो, तरी गिऱ्हाईक तिथूनच सुरुवात करते. पहिला प्रश्न कॅराव्हॅनचे मॉडेल आणि साल. दोन वर्षांत कंपनी पुढच्या भागाचा उतार बदलते, आणि जुन्या मापाचे कव्हर नव्या उतारावर सैल बसते. सैल कव्हर वाऱ्यात फडफडते, आणि फडफडणारे कापड खिडकीवर सँडपेपरसारखे काम करते. जवळच्या ननीटनचा एक गृहस्थ कुठल्याशा जत्रेतून ‘सर्व कॅराव्हॅनना बसणारे’ कव्हर घेऊन आला होता. स्कॉटलंडला जाऊन आल्यावर त्याची पुढची खिडकी न्हाणीघराच्या तावदानासारखी धुरकट झाली होती. “आता निदान पडदे लावायला नकोत,” टेरी त्याला म्हणाला. गृहस्थ हसला नाही, पण पुढचे कव्हर त्याने आमच्याकडूनच शिवून घेतले.

आतले अस्तर मऊ हवे आणि कापडातून हवा खेळायला हवी. कॅराव्हॅनच्या दोन्ही कडांना वरून खाली एक खाच असते. कव्हरच्या कडेला शिवलेली दोरी त्या खाचेत सरकवतात, म्हणजे कापड ताणून बसते. खाली पट्टे आणि बकल. पुढचे दिवे झाकले जात असतील तर तिथे पारदर्शक तुकडा शिवावा लागतो. पहिल्या दहा मैलांनंतर थांबून पट्टे पुन्हा आवळायचे. मुक्कामी पोचल्यावर कव्हर काढून वाळवायचे. एका बाईंनी ते हिवाळाभर तसेच ठेवले आणि एप्रिलमध्ये, “माझ्या कॅराव्हॅनला दाढी आलीय,” असे फोनवर सांगितले. हिरव्या बुरशीचे याहून नेमके वर्णन मी बातमीतही वाचले नव्हते.

आणि या सगळ्याच्या आधीचा नियम एकच. कव्हर चढवण्यापूर्वी पुढचा भाग धुवायचा. वाळूचा एक कण आत राहिला तर तो दोनशे मैल खिडकीवर घासत राहतो. तेव्हा कव्हर नसलेले बरे. टेरीने पहिल्या दिवशी हे सांगितले आणि दारामागे बादली व स्पंज कुठे असतो ते दाखवले. नऊ वर्षांत हा नियम माझ्याकडून एकदा मोडला. ही नोंद त्याबद्दल आहे.

डॉ. वैशंपायन इथल्या रुग्णालयात भूल देणारे डॉक्टर होते, तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नी विजूताई त्याच रुग्णालयाच्या लॅबमध्ये होत्या. दोघांची माझी ओळख गणपतीच्या कार्यक्रमापुरती. एका मार्चमध्ये ते दुकानात आले. विजूताई काठी टेकत चालत होत्या. कर्करोग मणक्यापर्यंत गेला होता, हे त्यांनी कव्हरचा रंग सांगावा तशा आवाजात सांगितले.

“आम्ही कॅराव्हॅन घेतलीय. हे म्हणतात, हॉटेलात जाऊ. मी म्हटलं, हॉटेलात खिडकी कुठे असेल ते त्यांच्या मर्जीवर.”

“हिला खिडकी हवी,” डॉक्टर म्हणाले.

“सव्वीस वर्षं बेसमेंटमध्ये काढली, कर्णिक. लॅबला एक खिडकी नव्हती. बाहेर स्नो पडलाय हे आम्हाला लोकांच्या बुटांवरून कळायचं. आता मी पलंगावर पडणार, समोर मोठी काच असणार, आणि काचेपलीकडे समुद्र असणार. बाकी तुमचं स्वयंपाकघर नि बाथरूम कसंही असो.”

“स्वयंपाक मीच करणार आहे,” डॉक्टर म्हणाले.

“म्हणून तर कसंही असो म्हटलं.”

कॅराव्हॅनची निवडही त्यांनी तशीच केली होती. मधली खिडकी रुंद, पलंगावरून पाय तिच्याकडे करून पडता येईल अशी. वेल्समध्ये पेंब्रोकशरला समुद्राकडे उतरणाऱ्या टेकडीवर कॅराव्हॅन उभ्या करण्याची एक साइट होती. तिथल्या मालकाशी बोलून डॉक्टरांनी कॅराव्हॅनचे तोंड पाण्याकडे राहील अशी जागा मिळवली होती. मुक्काम तीन आठवड्यांचा. त्यानंतर उपचारांची नवी फेरी होती, आणि तिच्यातून काय निघेल याबद्दल दोघांपैकी कोणी बोलले नाही.

माप घेतले. खिडकी जपायची आहे हे लक्षात ठेवून अस्तर दुहेरी लावले. मेच्या सुरुवातीला ते कॅराव्हॅन घेऊन दुकानाच्या आवारात आले. कव्हर चढवून तिथूनच पुढे निघायचे होते. बरोबर त्यांची मुलगी नेहा होती, मिल्टन कीन्सला सॉफ्टवेअरच्या कामात असलेली, इथेच जन्मलेली. तिच्या हातात ताट होते. ताटात कुंकू, हळद, अक्षता, नारळ.

टेरी बाहेर येऊन उभा राहिला. “निक, नारळ कशावर फोडणार?”

“टो हिचवर फोडतात बहुधा,” मी जोडणीचा आकडा दाखवत म्हणालो.

“त्याने वॉरंटी जाईल.”

“कुठल्या कलमाखाली?”

टेरीने खरोखर विचार केला आणि आवाराच्या कडेचा दगडी कठडा दाखवला. नारळ तिथे फुटला. विजूताई त्यांच्यासाठी मांडलेल्या खुर्चीतून उठल्या, डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवून दोन पावले पुढे झाल्या. नेहाने त्यांना खालचा पांढरा पत्रा दाखवला. “आई, इथे लाव ना, इझी पडेल.”

“कपाळ वर असतं, गं,” असे म्हणून त्यांनी हात उचलला आणि मधल्या खिडकीच्या खालच्या भागात ओल्या कुंकवाचा बोटभर टिळा लावला. त्यावर हळद. त्यावर अक्षता, काही चिकटल्या, काही खाली पडल्या. मग त्या पुन्हा खुर्चीत बसल्या आणि बराच वेळ त्यांचा श्वास स्थिर झाला नाही.

माझ्या एका हातात बादली होती, दुसऱ्या हातात स्पंज. बाकीचा पुढचा भाग धुऊन झाला होता.

“तेही धुवावं लागेल,” टेरी हळू आवाजात म्हणाला.

“वाळेल ते.”

“निक.”

“वाळेल म्हटलं ना.”

त्याने माझ्याकडे पाहिले आणि तो आत गेला. तो त्यांचा काही धार्मिक नियम असेल असे त्याला वाटले, हे त्याने नंतर सांगितले. तसा नियम कुठेही नाही. बाईचे कुंकू पुसणे या शब्दांना मराठी घरात जो अर्थ आहे, तो टेरीला ठाऊक नव्हता आणि मला होता. ज्या बाईने मोठ्या कष्टाने उभे राहून ते लावले, तिच्यासमोर ते पुसायला हात उचलला नाही. मी सुटलेल्या अक्षता फुंकून उडवल्या, टिळ्याला धक्का न लावता कव्हर दोन्ही खाचांत सरकवले आणि पट्टे आवळले. कव्हर उत्तम बसले होते. कुठेही सुरकुती नव्हती. चूक जितकी होती, तितकेच काम चोख होते.

वेल्समध्ये शिरल्यापासून पाऊस होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात फोन आला. नेहा बोलत होती.

“कर्णिककाका, ती विंडो पूर्ण खराब झालाय. मिडलवाली. सगळे स्क्रॅचेस आहेत, आणि गुलाबी गुलाबी काहीतरी. आम्ही वॉश केलं, स्टिल तसंच आहे.”

“आई काय म्हणतात?”

“आई म्हणते, ढग आज काचेवरच आलेत. बाबा बाहेर जाऊन उभे राहिलेत.”

काय झाले असणार ते समजायला खिडकी पाहण्याची गरज नव्हती. तांदळाचे कडक दाणे ताणलेल्या कापडाखाली अडकले. पावसाने कुंकू विरघळले आणि अस्तरात पसरले. रस्त्याच्या प्रत्येक धक्क्यासरशी दाणे वाटीएवढ्या गोलात फिरत राहिले, मग तुटून त्यांचा चुरा सगळ्या खिडकीभर पसरला. टेरीने कारखान्याला फोन केला. नवी खिडकी सहा आठवड्यांनी मिळणार होती. मुक्काम तीन आठवड्यांचा होता.

वर्तमानपत्रात चूक झाली की दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींची दुरुस्ती छापत असू. ती कोणी वाचत नसे, आणि ती कोणी वाचू नये अशीच सर्वांची इच्छा असे. इथे दुरुस्ती खिडकीवरच करावी लागणार होती.

टेरीने ओल्या पॉलिशकागदाच्या तीन जाती, पॉलिशच्या दोन बाटल्या आणि धुतलेली मऊ फडकी एका पेटीत भरली. “जोर लावू नकोस,” तो म्हणाला. “गरम झालं की ॲक्रिलिकला आतून केसासारख्या भेगा जातात, मग देवही काही करू शकत नाही. लहान गोल. भरपूर पाणी. आणि घाई झाली तर थांबून चहा पी.”

दुपारी दोनला मी साइटवर पोचलो. पाऊस थांबला होता. कॅराव्हॅनचे तोंड पाण्याकडे होते, सांगितल्याप्रमाणे. मधल्या खिडकीच्या आत विजूताईंची आकृती दिसत होती, पण वाफ धरलेल्या आरशात दिसावी तशी. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, “इतक्या लांब यायची गरज नव्हती.” मग त्यांनी पेटी माझ्या हातातून घेतली आणि बादली भरून आणली.

काम करायला खिडकी बंद असावी लागते. त्यामुळे बोलणे बाजूच्या छोट्या खिडकीतून चालले. पलंगावर पडलेल्या माणसाला ओरखडे कुठे उरलेत हे बाहेरच्या माणसापेक्षा चांगले दिसते, कारण उजेड त्याच्याकडे येत असतो. हे मला तेव्हा विजूताईंनी समजावून सांगितले.

“तुमच्या डाव्या हाताला. नाही, माझ्या डाव्या. हां. तिथे जाळं आहे.”

मी आधी जाड कागदाने, मग मध्यम, मग बारीक कागदाने लहान गोल फिरवत राहिलो. पहिल्या तासात खिडकी आधीपेक्षा वाईट दिसू लागली. तसे होतेच, सगळे ओरखडे एकसारखे बारीक करावे लागतात. नेहा दाराशी येऊन पाहून गेली. तिला ते ठाऊक नव्हते, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून मला ते सांगण्याचा धीर झाला नाही.

“काका, हे असंच राहणार?”

“संध्याकाळपर्यंत थांब.”

“आईला टायर्ड होतं चारनंतर.”

आतून आवाज आला, “आईला ऐकू येतं चारनंतरही.”

चहाला थांबलो तेव्हा मी बाजूच्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो. कारण सांगणे आवश्यक होते, आणि उपसंपादकाला लांबण लावता येत नाही.

“विजूताई, चूक माझी आहे. नियम धुण्याचा होता. टेरीने सांगितलंही. तुम्ही लावलेलं कुंकू माझ्याच्यानं पुसवलं नाही.”

त्या हसू लागल्या आणि हसल्यामुळे पाठीत कळ आली, म्हणून थांबल्या.

“अहो कर्णिक, कुंकू पुसायची वेळ माझ्यावर येणार नाही, हे तर आता हॉस्पिटलच्या डॉक्टरांनीच लिहून दिलंय.”

डॉक्टर शेगडीशी पाठमोरे उभे होते. त्यांनी पातेले उगाच एकदा ढवळले. “विजू,” एवढेच म्हणाले.

“खरं तेच सांगतेय.” मग माझ्याकडे वळून, “सव्वीस वर्षं मी स्लाइड पुसून घेतली. न पुसलेली एक स्लाइड मायक्रोस्कोपखाली गेली नाही माझ्या हातून. मला विचारायचं होतंत.”

“विचारलं असतं तर?”

“तर म्हटलं असतं, पुसा. लावून झालं म्हणजे त्याचं काम झालं. ते जपून ठेवायला थोडंच लावतात?”

विचारले नव्हते. आजारी माणसाच्या भावना आपण त्याला न विचारता ठरवून टाकतो आणि मग त्यांची काळजी घेतो. माझी चूक नेमकी तीच होती. आवारात ते तिघेही होते, एक वाक्य पुरले असते.

चारनंतर पॉलिश सुरू केले. फडक्यावर थोडे घेऊन पुन्हा तेच लहान गोल. खिडकी मधून कडेकडे उघडत गेली. पाच वाजून गेले तेव्हा विजूताईंचे सांगणे कमी झाले होते. नेहाला वाटले त्यांना झोप लागली. त्या जाग्या होत्या.

“बोटीला लाल पट्टा आहे,” त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी वाकून बाहेर पाहिले. “कुठे?”

“चष्मा लाव. उजवीकडे, खडकाच्या पुढे.”

ते पलंगाच्या कडेला बसले. दोघे बोट पाहत राहिले. मला त्या दिवशी प्रथमच खिडकीतून दोघांचे चेहरे नीट दिसले, आणि मी फडके पिळायला बादलीकडे गेलो.

एक ओरखडा राहिला होता. खालच्या कोपऱ्यात, नखाएवढा, चंद्रकोरीसारखा वळलेला. तो खोल होता. तेवढा काढायला आणखी दोन तास आणि थोडा धोका होता. मी तसे सांगितले.

“राहू दे,” विजूताई म्हणाल्या. “तो दिसला की मला कळेल, मध्ये काच आहे. नाहीतर इतकं स्वच्छ केलंत की मी उठून चालायलाच लागायची.”

निघताना मी खराब झालेले कव्हर बरोबर घेतले. अस्तरावर गुलाबी डाग होता, हाताच्या पंजाएवढा, आणि त्यात तांदळाचा चुरा रुतला होता. असे अस्तर धुऊन वापरता येत नाही, काढूनच टाकावे लागते. टेरीने ते उसवले, मी नवे शिवले. परतीच्या प्रवासासाठी कव्हर वेळेवर पोचले. या वेळी खिडकी नेहाने धुतली आणि तसा फोन करून मला सांगितले.

विजूताई त्या ऑक्टोबरमध्ये गेल्या. शेवटचे दिवस घरीच काढले. घरी पुढच्या खोलीत खिडकीशी पलंग ठेवला होता, असे डॉक्टर म्हणाले. बाहेर रस्ता आणि समोरच्यांची झुडपांची हेज होती. तिथे काय दिसते, याची त्या रोज नेहाला फोनवर बातमी देत.

डॉक्टर कॅराव्हॅन विकतील असे टेरीचे मत होते. अशा वेळी बहुतेक जण विकतात. पुढच्या मेमध्ये ते एकटे आवारात आले. मागे कॅराव्हॅन होती. त्यांनी साइटच्या मालकाला फोन करून तीच जागा सांगितली होती.

मी बादली आणि स्पंज आणला. ते म्हणाले, “जरा थांबा.”

त्यांनी कोटाच्या खिशातून एक छोटी डबी काढली. झाकण घट्ट होते; भूल देणाऱ्याची स्थिर बोटे त्यावर दोनदा घसरली. मग त्यांनी कुंकवात बोट बुडवले, मधल्या खिडकीच्या खालच्या भागात, जिथे त्यांच्या बायकोचा हात पोचला होता तिथेच, टिळा लावला. हात खाली घेतला आणि ते तसेच उभे राहिले. टेरी दारात होता. तो आत गेला नाही.

मग त्यांनी माझ्या हातातून स्पंज घेतला, पाण्यात बुडवला, हलका पिळला आणि टिळा पुसला. एकदा, मग स्वच्छ पाण्याने पुन्हा. पुसून झाल्यावर खिडकीवरून बोट फिरवून एखादा कण राहिला का ते पाहिले. बोट खालच्या कोपऱ्यात त्या चंद्रकोरीपाशी अडखळले आणि तिथे थोडे थांबले.

“हं,” ते म्हणाले. “आता चढवा.”